मेलेला फोन फाडताना

पन्हाळ्यावर पावसाळ्यात चार महिने धुकं असतं. त्या धुक्यात पर्यटक येतात, तीन दरवाजापाशी, सज्जा कोठीपाशी उभे राहून फोटो काढतात आणि त्यांचे फोन भिजतात. आम्हा गडावरच्या माणसांचे फोन तर घरात ठेवूनही भिजतात. चार्जिंगच्या भोकात ओल शिरते, आतल्या टोकांवर हिरवट गंज चढतो आणि एक दिवस सेट डेड होतो. या ओलीवर माझं पोट आहे. मी गडावर मोबाईल दुरुस्तीची टपरी चालवतो. नवे पार्ट कोल्हापुरातून आणतो. जुने पार्ट मेलेल्या फोनमधून काढतो. त्या काढण्याविषयी मला आज बोलायचंय.

कसं काढतात ते आधी सांगतो, कारण आपल्या चळवळीतली शिकलेली पोरं हाताच्या कामाबद्दल लई बोलतात, पण हात काय करतो ते बघत नाहीत.

उघडण्याआधी बॅटरी जवळजवळ उतरवून घ्यायची. भरलेली बॅटरी चुकून दुखावली तर भडका मोठा होतो. फोनची पाठ गोंदानं चिकटवलेली असते. ती गरम हवेनं शेकायची आणि प्लास्टिकची पातळ पत्ती फटीत सारून कडेकडेनं फिरवायची. घाई केली की काच तडकते. पाठ निघाली की सगळ्यात आधी बॅटरीचं कनेक्शन सोडवायचं, मगच बाकीच्याला हात. स्क्रू सगळे सारखे दिसतात, पण सारखे नसतात. लांब स्क्रू आखूड भोकात पिळला तर बोर्डाचे आतले थर फुटतात. म्हणून कागदावर फोनचं चित्र काढायचं आणि ज्या जागेचा स्क्रू त्या जागेवर ठेवायचा. बॅटरीला लोखंडी हत्यार लावायचं नाही. लिथियमची असते ती. टोचली किंवा वाकवली तर आतल्या आत पेट घेते आणि तिचा धूर विषारी असतो.

एवढं नीट केलं तर एका डेड सेटमधून कॅमेरा निघतो, रिंगर निघतो, माईक, व्हायब्रेटर, चार्जिंगचा पट्टा, सिमचा ट्रे निघतो. काच शाबूत असली तर अख्खा फोल्डर निघतो. मेमरी मात्र मी कुणाला विकत नाही. तिच्यात माणसांचे फोटो असतात, चिठ्ठ्याचपाट्या असतात. ती मालकासमोर पुसायची नाहीतर फोडायची.

2021 च्या जुलैत अतिवृष्टीनं गडाचा रस्ता खचला. गाड्या बंद. खाली पंचगंगेला पूर. कोल्हापूरहून पार्ट येणार कुठून? आणि कोरोनामुळं बहुतेक पोरांची शाळा फोनवर भरत होती. तेव्हा माझ्या डब्यातल्या मेलेल्या फोनांनी वस्तीतल्या पोरांचे फोन जगवले. एकाचा पट्टा दुसऱ्याला, दुसऱ्याचा माईक तिसऱ्याला. ज्याला लोक भंगार म्हणतात त्यातनं आमच्या पोरांची इयत्ता निघाली.

आता आजीचं सांगतो. एकदा ती टपरीत येऊन बसली. माझ्या हातात उघडलेला सेट होता. बराच वेळ बघत बसली आणि म्हणाली, "काय फाडायलाईस रं?"

मी म्हणालो, "मेलेला फोन हाय, आजी."

ती म्हणाली, "आमच्या बापानं सुरी टाकली तवा मी अकरा वरसाची व्हते. आन् तू परत फाडायलाच बसलास व्हय?"

दोस्तहो, या प्रश्नाला हसून बाजूला सारता येत नाही. सुरी टाकली म्हणजे काय, हे तुम्हाला सांगायला नको. साल 1956. नागपूरची दीक्षा झाली आणि पायथ्याच्या त्या गावात तिच्या बापानं मेलेलं जनावर ओढायचं बंद केलं. खरं तर कोल्हापूर संस्थानात शाहू महाराजांनी महार वतनं 1918 सालीच मोडली होती. 1927 साली महाडला बाबासाहेबांनी मृत मांस सोडा म्हणून बजावलं होतं. पण कायदा कागदावरनं गावात यायला आणि हातातली सुरी सुटायला मध्ये एक अख्खी पिढी गेली.

आजी पुढं सांगत बसली. बाप पहिली चीर कुठं द्यायचा, सांध्यात सुरी कशी फिरवायचा, कातडं अखंड कसं उतरवायचा. कातड्याला भोक पडलं की ढोर भाव पाडायचा. शिंगं, हाडं, चरबी, शिरा सगळ्याचा हिशेब होता. मी ऐकत होतो आणि मला माझी प्लास्टिकची पत्ती दिसत होती. तीच सावधगिरी, हातात तोच अंदाज. जनावराच्या आत काय असतं ते गावात सगळ्यात जास्त ज्याला ठाऊक, त्याचीच पोरं शाळेत वर्गाबाहेर बसत होती.

मग या कामात वाईट काय होतं? 15 ऑक्टोबर 1956 च्या नागपूरच्या भाषणात बाबासाहेबांनी एका पत्राचा उल्लेख केला. 'केसरी'त कुणीतरी हिशेब मांडला होता की महारांनी मेलेली गुरं सोडल्यामुळं कातडं, शिंगं, हाडं यांचं वर्षाचं 500 रुपयांचं उत्पन्न बुडतं. बाबासाहेबांचं उत्तर साधं होतं : एवढा फायदा आहे तर तुम्ही करा, वर मीही पैसे देतो. पुढं कुणी आलं नाही. हिशेब करणाऱ्याला पार्टांची किंमत कळत होती. ते काम एकाच जातीच्या गळ्यात का, हे कळत नव्हतं की कळून घ्यायचं नव्हतं?

जात म्हणजे नुसती कामाची वाटणी नव्हे, काम करणाऱ्या माणसांची वाटणी, हे बाबासाहेबांनी 1936 सालीच लिहून ठेवलंय. आजीच्या बापाला बोलावणं आलं की जावंच लागायचं. मजुरी ठरलेली नसायची, गावानं टाकलं तीच मजुरी. आणि उद्यापासून येत नाही असं म्हणायची सोय नव्हती. मी गिऱ्हाईकाला दर सांगतो. पटला नाही तर तो जातो, मला पटलं नाही तर मी नाही म्हणतो. उद्या टपरी बंद करून दुसरं काही करीन. त्यानं सुरी टाकली म्हणून मला ही पत्ती माझ्या मर्जीनं उचलता आली. आजीला मी हेच सांगितलं. ती म्हणाली, "मग दाम रोख घे. उधारी ठिऊ नगंस." एवढ्यावर तिनं परवानगी दिली.

आता जात गेली, असा याचा अर्थ कुणी काढू नये. 2016 च्या जुलैत गुजरातेत उना इथं मेलेली गाय सोलणाऱ्या आपल्या पोरांना बांधून, उघडं करून मारलं. नाही केलं तर गाव उपाशी मारतं, केलं तर रस्त्यावर मारतात. माझ्या टपरीवरही एका गिऱ्हाईकानं आधी आडनाव विचारलं आणि मग फोन हातात न देता फळीवर ठेवला. मी दुरुस्त करून फळीवरच ठेवला आणि पैसेही फळीवरच ठेवायला लावले.

गंमत म्हणजे काही नव्या फोनांनाही हा रोग लागलाय. एका फोनचा चांगला कॅमेरा, चांगली स्क्रीन त्याच मॉडेलच्या दुसऱ्या फोनला बसवली तरी फोन तिला आपलं मानत नाही. पार्टाचा नंबर कंपनीनं ठरवलेल्या जोडीशी जुळत नाही, म्हणून इशारा देतो, एखादी सोय बंद करतो. पार्ट उत्तम चालतो, पण कूळ विचारलं जातं! जुनं जगू नये आणि नवं विकलं जावं, ही त्यामागची मेख आहे.

पण माझी टपरी ही या कामाची उजेडातली बाजू. डबा रिकामा झाला की उरलेले बोर्ड आणि बॅटऱ्या भंगारवाल्याकडे जातात. पुढं कुठं? दिल्लीच्या सीलमपुरात, उत्तर प्रदेशातल्या मुरादाबादेत असल्या बोर्डांचे ढीग वर्षानुवर्षं उपसले गेले आहेत. एका फोनमध्ये साधारण 30 मिलिग्रॅम सोनं असतं. तेवढ्यासाठी बोर्ड उघड्यावर जाळायचे, ॲसिडात बुडवायचे, तांब्यासाठी वायरी पेटवायच्या. धूर आणि शिसं कुणाच्या छातीत जातं? गरीब मुसलमानांच्या, दलितांच्या, बायका-पोरांच्या. तिकडं काँगोत बॅटरीतल्या कोबाल्टसाठी अशीच उघड्या हातांची माणसं खाणीत उतरतात. 2022 साली जगात 6.2 कोटी टन इलेक्ट्रॉनिक कचरा झाला आणि त्यातला चौथा हिस्साही रीतसर गोळा होऊन पुनर्वापरात गेल्याची नोंद नाही. मेलेलं जनावर गावकुसाबाहेर टाकायचं, तसं हे मेलेलं यंत्र शहरानं आपल्या कुसाबाहेर टाकलंय. आजीच्या बापाची सक्ती मला भेटली नाही, ती त्यांना भेटली.

म्हणून नुसता संताप करून भागणार नाही. ई-कचऱ्याचे पहिले नियम 2011 चे, ते 2012 च्या मे महिन्यात लागू झाले. नवे नियम 2022 चे, ते 1 एप्रिल 2023 पासून लागू आहेत. विकलेल्या मालाचा कचरा रीतसर मार्गी लावायची जबाबदारी त्यांनी कंपन्यांवर टाकली आहे. त्याच नियमांत राज्य सरकारवरही जबाबदारी आहे : सुटं करणाऱ्या कामगारांची ओळख आणि नोंदणी करायची, त्यांचे गट बांधायला मदत करायची, त्यांना शिकवायचं, त्यांच्या आरोग्यावर लक्ष ठेवायचं, कामाला जागा राखून ठेवायची. हे कलम आपल्यापैकी किती जणांनी वाचलंय? जयंतीच्या मिरवणुकीला आपण वर्गणी गोळा करतो. त्याच वस्तीतले भंगार वेचणारे किती, फोन फोडणारे किती, ही यादी एकदा करा. ती घेऊन जिल्ह्याच्या कामगार कार्यालयात जा आणि नोंदणी मागा. हातमोजे मागा, शेड मागा, प्रशिक्षण मागा. वस्तीतल्या ज्या पोराला हे काम आवडतं त्याला घरच्यांनी लाजवू नये, आणि ज्याला आवडत नाही त्याच्या गळ्यात कुणी मारू नये.

आणि तुमच्या घरात कपाटात मेलेला फोन पडलेला असेल तर तो कचऱ्यात टाकू नका. ओळखीच्या दुरुस्तीवाल्याकडे द्या. फुगलेली बॅटरी असेल तर टोचू नका, वाळूच्या डब्यात ठेवून आणा. त्यातला पट्टा अजून कुणाच्या तरी पोराला अभ्यासाला लागेल.