बांगड्या आणि सातबारा

मे महिन्यात कांदा चाळीत पडला की हातांना थोडी उसंत मिळते. त्याच सुमारास नात पुण्याहून येते. मागच्या सुटीत ती म्हणाली, "आबा, जुनी वंडर वुमन बघू. माझे बाबा जन्मायच्या आधीची आहे." ओट्यावर मोबाईल तांब्याला टेकवून ठेवला अन् आम्ही तिघं बसलो. मी, नात आणि शेंगा फोडत आमची कारभारीण.

ही अमेरिकेतली मालिका. 1975 ते 1979 या काळात तिकडच्या टीव्हीवर चालायची. लिंडा कार्टर नावाची नटी त्यात होती. सुरुवातीची गोष्ट दुसऱ्या महायुद्धातली. बायकांच्याच एका बेटावरची राजकन्या अमेरिकेत येते आणि डायना प्रिन्स नावानं फौजेच्या कचेरीत नोकरी धरते. डोळ्यांवर चष्मा, हातात फायली. संकट आलं की आडोशाला जाऊन हात पसरून गरकन गिरकी घेते आणि वंडर वुमन होते. ही गिरकी लिंडा कार्टरनंच सुचवली म्हणे, नाच शिकलेली होती.

पहिली गिरकी बघून कारभारीण हसली. "अवो, ही तं एकटीच फुगडी घालती!"

मग समोरचा माणूस बंदूक झाडतो आणि ही मनगटातल्या कड्यांवर गोळ्या अडवते. मी शेंग हातात धरून तसाच राहिलो. आपल्याकडं भित्र्या माणसाला काय म्हणतात? "बांगड्या भरल्यात का?" मीही पारावर, तालमीत, निवडणुकीत शंभरदा म्हटलंय. आणि इथं सगळ्या जोराची वस्तू ती मनगटातच!

तिच्याजवळ एक सोनेरी दोरही आहे. ज्याच्याभोवती टाकला, त्याला खरं बोलावंच लागतं. हे पात्र ज्यानं 1941 साली चित्रकथेत आणलं, तो विल्यम मार्स्टन मानसशास्त्राचा अभ्यासक होता. रक्तदाबावरून खोटं पकडायच्या रीतीवर त्यानं काम केलं होतं. असा दोर बाजार समितीत पाहिजे, असं मी म्हणालो. तेव्हा माहीत नव्हतं, तो माझ्याच गळ्यात पडणार आहे.

डायना ज्याच्या हाताखाली काम करते, तो मेजर स्टीव्ह ट्रेव्हर वंडर वुमनचं तोंड भरून कौतुक करतो. पण चष्मा लावून फाईल घेऊन समोर उभी असलेली तीच, हे त्याला कधी कळत नाही. नातीला त्याची गंमत वाटली. कारभारीण मात्र शेंगा फोडता फोडता म्हणाली, "समोर उभी हाय, अन् इचारतो कुठं हाय."

एवढंच बोलली. पण मला 2014 ची गारपीट आठवली.

त्या वर्षी माझा पाय मोडलेला, मी दवाखान्यात. कांदा काढणीला आलेला, त्यावर गारा पडल्या. मजूर मिळवणं, उरलासुरला माल काढणं, रात्री बॅटरी घेऊन मोटर चालू करायला जाणं, सगळं हिनंच केलं. पंचनाम्याला माणूस आला. ही चिखलात उभी. त्यानं विचारलं, "मालक कुठं आहेत?" ही म्हणाली, "दवाखान्यात." तो म्हणाला, "मग मालक आल्यावर बघू." दवाखान्यात डबा घेऊन आली तेव्हा तिनं हे सांगितलं, तर मी काय म्हणावं? "बरोबर हाय त्याचं. कागदावर माझं नाव हाय."

नातीनं वाचून दाखवलं की लिंडा कार्टरच्या अवघड उड्या जीनी एपर नावाची बाई मारायची. त्या काळात बाईच्या जागी उडी मारायला पुष्कळदा टोप घातलेले पुरुषच घेत. ही बाईच होती, तरी तिचा चेहरा कुणाला ठाऊक नाही. पडायचं एकीनं, दिसायचं दुसरीनं. आमच्या घरात तर पडायचं हिनं आणि नाव माझं.

मला हे आधी कुणी सांगितलं नव्हतं असंही नाही. 1986 साली चांदवडला शेतकरी संघटनेचं महिला अधिवेशन झालं, त्याला मी ट्रॅक्टरभर बाया घेऊन गेलो होतो. पुढं शरद जोशींनी लक्ष्मीमुक्तीची हाक दिली, बायकोचं नाव जमिनीला लावा म्हणून. 1992 साली सरकारनंही तशी योजना काढली. मी टाळ्या वाजवल्या, घोषणा दिल्या, बिल्ला लावला. नाव लावलं नाही. आज लावू, उद्या लावू. खरं म्हणजे चार लोक हसतील, ही भीती. बांगड्या कुणी भरल्या होत्या?

संध्याकाळी नातीनं गोठ्यातलं दावं आणलं आणि माझ्या कमरेला गुंडाळलं. "आबा, आता खरंच बोलायचं. आपलं शेत कोण करतं?"

तोंडातून निघून गेलं, "आजी."

नात टाळ्या पिटत हसली. कारभारीण चुलीकडं तोंड करून भाकरी थापत राहिली.

सोमवारी तलाठ्याकडं अर्ज दिला. फेरफाराची नोटीस लागली, मुदत गेली, नोंद झाली. दोघांच्या नावाचा सातबारा आणून तिच्या हातात दिला. वाटलं होतं, खूश होईल, नाहीतर इतक्या वर्षांचं ऐकवील. चौथी शिकलेली बाई. कागद उजेडात धरला, बोट फिरवत आपलं नाव दोनदा वाचलं.

"उशीर केला तुमी," म्हणाली, आणि कागद घडी घालून आपल्या ट्रंकेत ठेवला. माझ्या कपाटात नाही.