तंबूतला काळोख

नवा टीव्ही आणायचं ठरलं तेव्हा मी आधी भिंतीवर रद्दी चिकटवली. टीव्हीचं माप कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत, तिरकं धरतात. त्यावरून भिंतीवर किती जागा जाईल ते डोळ्यांना कळत नाही. म्हणून वर्तमानपत्रं जोडून ४८ बाय २७ इंचांचा तुकडा कापला. ५५ इंची पडदा एवढाच असतो. चार दिवस तो कागद सोफ्यासमोर होता. पाचव्या दिवशी जेवताना आई म्हणाली, "एवढाच? तंबूतला केवढा होता रे!"

आईचा सिनेमाचा तंबू पुसेगावचा. सेवागिरी महाराजांच्या यात्रेत, डिसेंबरच्या कडाक्यात, अंगावर घोंगडी घेऊन तिने 'सांगत्ये ऐका' पाहिला. सिनेमा १९५९चा, तंबूपर्यंत पोचायला त्याला आणखी दोनेक वर्षं लागली असतील. पुढे जागा उरली नव्हती, म्हणून आई आणि बरोबरची पोरं पडद्याच्या मागच्या अंगाला बसली. कापडातून चित्र आरपार दिसायचं, फक्त उलटं. पाटीवरची अक्षरं उलटी, डावा हात उजवा. त्याचं तिला काहीच वाटलं नाही. नाचणाऱ्या जयश्री गडकरांचे पाय मात्र अगदी नीट दिसत होते, हे ती अजून सांगते.

ते ऐकून वाटलं, प्रोजेक्टरच घ्यावा. मित्राकडचा दोन दिवसांसाठी आणला. रात्री दिवे मालवून भिंतीवर १०० इंचांचं चित्र टाकलं, सव्वासात फूट रुंद, चार फूट उंच. आई काही बोलली नाही, पण तिचा हात मांडीवर ताल धरत होता. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी पाचला तेच लावलं. आमच्या हॉलची खिडकी पश्चिमेची. चित्र दिसत होतं, पण त्यातली रात्र नाहीशी झाली होती. काळेभोर केस राखेसारखे दिसत होते.

प्रोजेक्टरला काळा रंग टाकताच येत नाही. तो टाकतो उजेड. जिथे टाकत नाही तिथे भिंत जशी असेल तशी दिसते, आणि संध्याकाळी आमची भिंत चांगली पांढरी असते. शिवाय १०० इंची चित्राची जागा ५५ इंचीच्या सव्वातीनपट, त्यामुळे आहे तो उजेडही पसरून पातळ होतो. जाड पडदे लावता आले असते. पण आई दुपारी चारनंतरच सिनेमा बघते, आणि त्याच खिडकीतून भाजीवाल्याशी बोलते. ती खिडकी बंद करणं मला पटेना.

स्वस्त प्रोजेक्टरच्या खोक्यावर 'फोर के सपोर्ट' असं ठळक छापलेलं असतं. त्याचा अर्थ इतकाच, की फोर केचा सिग्नल तो आत घेतो. बाहेर पडणारं चित्र पुष्कळदा १२८० बाय ७२० ठिपक्यांचं असतं. पै पै जमवून घेणाऱ्या माणसाला ते खोक्यावर सरळ वाचता यायला हवं. या लपवाछपवीचा मला मनापासून राग येतो.

तेव्हा टीव्हीच. ओएलईडीमध्ये प्रत्येक ठिपका स्वतः पेटतो आणि विझतो, म्हणून तिथला काळा खरा काळा. पण तो आमच्या पन्नास हजारांत बसेना. त्यातलेही आठ हजार मी आवाजासाठी बाजूला काढले होते. पातळ टीव्हीचे स्पीकर बहुधा खाली तोंड करून बसवलेले असतात, त्यांतून ढोलकी ऐकवत नाही. ओएलईडी सोडले तर बाकीच्या टीव्हींत, अगदी क्यूएलईडी म्हणतात त्यांतही, पडद्यामागे दिवे असतात. काळ्या जागी तो उजेड किती अडतो, ते पॅनेलवर ठरतं. व्हीए पॅनेल तो चांगला अडवतं, पण बाजूने बघितलं तर चित्र फिकटतं. आयपीएसचं चित्र बाजूने टिकतं, काळा मात्र धुरकट. आमच्या घरी बघणारी माणसं दोन, तीही अगदी समोर बसणारी, म्हणून व्हीएच बरं.

दुकानात सगळे टीव्ही भडक करून ठेवलेले: मोर, फुलं, समुद्र. मी पेन ड्राइव्हवर जुना कृष्णधवल सिनेमा नेला होता. तिथल्या मुलाने कुरकुर न करता लावून दिला, वरचे दिवेही घालवले. जुनं चित्र चाराला तीन, जवळजवळ चौकोनी. ५५ इंचीवर ते ३६ बाय २७ इंचांत मावतं, आणि दोन्ही कडांना सहा-सहा इंचांच्या काळ्या पट्ट्या उरतात. मी त्या पट्ट्याच बघत उभा राहिलो. एका टीव्हीवर त्या निळसर उजळत होत्या. शेजारच्यावर चौकटीत विरून गेल्या, आणि मधलं चित्र एकटंच अंधारात उभं राहिलं. तोच घेतला.

बसवायला आलेल्या मुलाने मोठ्या आपुलकीने चित्र झूम करून पडदा भरून दिला. वरचा अंबाडा गेला, खालचे घुंगरू गेले. तो गेल्यावर मी माप पूर्ववत केलं, भडकपणा काढून 'सिनेमा' मोड लावला. आईने खुर्ची हातभर पुढे ओढली.

"हां, आता पाय दिसतात," ती म्हणाली, आणि खिडकी उघडीच राहू दे म्हणून मला हाताने खुणावलं.