कल्याण ते कान्हेरी : कॅमेऱ्यासह एक धम्मयात्रा

आपल्या विद्यालयाचा एक माजी विद्यार्थी नोकरीनिमित्त जर्मनीत स्थायिक झाला आहे. मागच्या उन्हाळ्यात तो सहकुटुंब मोटारीने तेथील ग्रामीण भागातून फिरला आणि वाटेत लागलेल्या जुन्या नगरांची शंभराहून अधिक छायाचित्रे त्याने मला पाठवली. लाकडी चौकटींची घरे, उतरती तांबडी छपरे, दगडी फरसबंदीचे रस्ते, खिडक्यांतून ओसंडणारी फुले. ही सारी छायाचित्रे पाहताना रोथेनबुर्ग या तटबंदीच्या नगरापाशी मी थबकले. ३१ मार्च १९४५ रोजी झालेल्या बॉम्बहल्ल्यात या नगराचा मोठा भाग आणि तटाचा काही भाग उद्ध्वस्त झाला. युद्धानंतर जगभरातील माणसांनी तटाच्या बांधणीसाठी पैसे दिले आणि त्यांची नावे लहान दगडी पाट्यांवर कोरून भिंतीतच बसवण्यात आली. त्या पाट्यांचे छायाचित्र काढून विद्यार्थ्याने खाली लिहिले होते : "बाई, हे पाहून तुम्ही वर्गात शिकवलेली कान्हेरी आठवली. आपल्या कल्याणचीही अशी छायाचित्रे पाठवा. मुलांना दाखवायची आहेत."

तीस वर्षे इतिहास शिकवल्यानंतर याहून मोठी पावती कोणती? परंतु त्याची मागणी दिसते तितकी सोपी नव्हती. कल्याणचे वय दोन हजार वर्षांहून कमी नाही. इसवी सनाच्या पहिल्या शतकातील 'पेरिप्लस' या ग्रीक भाषेतील सागरी प्रवासवर्णनात कल्याण बंदराचा उल्लेख आहे. राजकीय संघर्षामुळे येथे आलेली ग्रीक जहाजे पहाऱ्यात भडोचकडे नेली जात, असेही तो लेखक नोंदवतो. सहाव्या शतकात कॉस्मस या प्रवाशाने कल्याणहून पितळ, लाकूड आणि कापड बाहेर जात असल्याचे लिहिले. १ मे १८५४ रोजी लोहमार्ग ठाण्याहून कल्याणपर्यंत आला आणि या गावाला नवे आयुष्य मिळाले. आज कॅमेरा घेऊन बाहेर पडले तर दुर्गाडीचा बुरूज, काळा तलाव, सुभेदार वाडा आणि स्थानकातील अफाट गर्दी एवढे सापडते. कान्हेरीच्या एका शिलालेखात कल्याणमधील 'आंबालिका विहारा'चा उल्लेख आहे. त्या विहाराची खूण मात्र नगरात उरलेली नाही.

तेव्हा माझ्या लक्षात आले, की प्राचीन कल्याणचे चित्र कल्याणात मिळणार नाही. ते कल्याणच्या माणसांनी जेथे आपली नावे कोरून ठेवली, तेथे जाऊन घ्यावे लागेल. डिसेंबरच्या एका शनिवारी आम्ही निघालो. गाडी चालवायला विद्यालयाचाच एक माजी विद्यार्थी, मागच्या आसनावर माझे यजमान, एक जुना कॅमेरा आणि पाण्याच्या बाटल्या. कल्याण, लोणाड, सोपारा, वसईत मुक्काम, दुसऱ्या दिवशी कान्हेरी आणि घोडबंदर रस्त्याने ठाणे, असा दोन दिवसांचा मार्ग ठरला.

गांधारी पूल ओलांडून पडघ्याच्या दिशेने गेले, की शहराचा गोंगाट हळूहळू मागे पडतो. लोणाडच्या टेकडीत एक बौद्ध लेणे आहे. आता तेथे खंडेश्वरी देवीची पूजा होते, त्यामुळे आसपासची माणसे त्याला त्याच नावाने ओळखतात. ओसरीतील शिल्पपट्ट काळवंडला आहे, पण सकाळच्या तिरप्या उन्हात त्यातील आकृती एकेक करून पुढे येतात. पायथ्याशी वालाच्या शेंगा घेऊन बसलेल्या एका वृद्धेचे छायाचित्र घेऊ का, असे मी विचारले. ती संकोचली. "माझा कशाला, ताई? देवीचा काढा." थोड्या वेळाने स्वतःच पदर सारखा करून म्हणाली, "काढा. पण काढलात तर द्यायला या. आमचे हे गेले, त्यांचा एक फोटो नाही घरात."

त्या वाक्याने मी अंतर्मुख झाले. माझ्या आजोबांचेही एकही छायाचित्र नाही. ते कसे दिसत हे मला वडिलांच्या शब्दांतूनच ठाऊक आहे. माझ्या आईचे तरुणपणीचे जे एकमेव छायाचित्र आहे, ते शिधापत्रिकेसाठी काढलेले. या स्मरणिकेच्या अनेक वाचकांच्या घरी हीच स्थिती असेल. ज्यांच्या वाट्याला वाडे आले नाहीत, त्यांच्या वाट्याला भिंतीवरच्या तसबिरीही आल्या नाहीत. म्हणून जुने गाव पाहताना केवळ वाड्यांकडे, बुरुजांकडे कॅमेरा वळवला, तर आपल्याच माणसांना आपण पुन्हा एकदा चौकटीबाहेर ठेवतो.

दुपारी भिवंडीच्या गोदामांच्या रांगा मागे टाकून, चिंचोटीमार्गे आम्ही नालासोपाऱ्यास पोहोचलो. तेथील स्तूपाच्या टेकाडाला लोक 'बुरुड राजाचा कोट' म्हणत. एप्रिल १८८२ मध्ये पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी येथे उत्खनन केले. स्तूपाच्या गाभ्यात दगडी पेटी निघाली. तिच्यात तांब्याचा करंडक, त्यात चांदीचा, त्यात दगडाचा, त्यात स्फटिकाचा आणि सर्वांत आत सोन्याचा करंडक होता. त्यात भिक्षापात्राचे तुकडे जपून ठेवलेले होते. सोबत बुद्धमूर्ती आणि यज्ञश्री सातकर्णीचे एक चांदीचे नाणेही मिळाले. हा सारा ठेवा मुंबईच्या एशियाटिक सोसायटीत आहे. आज सोपाऱ्यात दिसतो तो विटांचा उंचवटा, कुंपण आणि चारी बाजूंनी सरकत आलेली वस्ती.

माझ्या दृष्टीने सोपाऱ्याचे मोल आणखी एका गोष्टीत आहे. येथेच सम्राट अशोकाच्या आठव्या शिलालेखाचा तुकडा सापडला. पुढे १९५६ मध्ये, म्हणजे धम्मदीक्षेच्याच वर्षी, जवळच्या भुईगावात नवव्या लेखाचा तुकडा मिळाला. आठव्या लेखाचा विषय आहे प्रवास. पूर्वीचे राजे विहारयात्रेला, म्हणजे शिकारीला आणि करमणुकीला जात, असे अशोक सांगतो. राज्याभिषेकानंतर दहाव्या वर्षी तो बोधिस्थानी गेला आणि तेव्हापासून त्याची धम्मयात्रा सुरू झाली. त्या यात्रेत श्रमण-ब्राह्मणांची भेट व त्यांना दान, वृद्धांची भेट व त्यांना साहाय्य, जनपदातील, म्हणजे गावोगावच्या लोकांची भेट आणि त्यांच्याशी धम्माविषयी बोलणे या गोष्टी येतात. एका राजाने आपल्या प्रवासाचा हेतू बदलला आणि तो बदल दगडावर नोंदवला. जगाच्या इतिहासात अशा नोंदी फार नाहीत. सोपाऱ्याच्या त्या टेकाडासमोर उभी असताना सकाळची शेंगवाली मला आठवली. वृद्धांची भेट, गावच्या लोकांची भेट. कॅमेरा गळ्यात अडकवून निघालेल्या आजच्या प्रवाशालाही हा लेख पुरेपूर लागू पडतो.

संध्याकाळी वसईत जेवताना गाडी चालवणाऱ्या विद्यार्थ्याने विचारले, "बाई, बाबासाहेब कधी असे लेणी पाहायला मोटारीने गेले होते का?" मी त्याला १९३४ चा प्रसंग सांगितला. सुमारे तीस सहकाऱ्यांसह बाबासाहेब वेरूळची बौद्ध लेणी पाहण्यासाठी बस व मोटारींनी निघाले होते. वाटेत दौलताबादचा किल्ला पाहण्यासाठी सारे उतरले. प्रवासाच्या धुळीने माखलेल्या काही जणांनी दाराजवळच्या तळ्यावर हातपाय धुतले. तेवढ्यावरून तळे बाटवल्याचा आरडाओरडा झाला आणि जमाव जमला. अखेर पाण्याला हात लावायचा नाही या अटीवर, हत्यारबंद शिपायाच्या देखरेखीत त्यांना किल्ला पाहू देण्यात आला. हा प्रसंग बाबासाहेबांनी स्वतः लिहून ठेवला आहे. महाडच्या सत्याग्रहाला तेव्हा सात वर्षे झाली होती. ऐतिहासिक स्थळाच्या दारात गाडी उभी करावी, तिकीट काढावे आणि कोणी जात न विचारता आत जावे, हे आज आपल्याला सहज वाटते. ते सहज व्हावे यासाठी कोणी किती सोसले, हे लेण्याच्या पायऱ्या चढताना आठवले पाहिजे. विद्यार्थी बराच वेळ गप्प बसून होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही कान्हेरीस पोहोचलो. शंभराहून अधिक लेण्यांचा हा डोंगर जवळजवळ हजार वर्षे भिक्षूंचे निवासस्थान आणि विद्यास्थान होता. निजण्यासाठी दगडी ओटे, बसून धम्मचर्चा करण्यासाठी सभागृहे, डोंगरउतारावरचे पावसाचे पाणी वळवून आणणाऱ्या पन्हळी आणि ठिकठिकाणी खोदलेली टाकी. निवासी विद्यालयात वाढलेल्या मुलांना या रचनेचा अर्थ समजावून सांगावा लागत नाही. मोठ्या चैत्यगृहाचे खोदकाम यज्ञश्री सातकर्णीच्या काळात गजसेन व गजमित्र या व्यापारी बंधूंनी करविले. पण डोंगरभर विखुरलेले लहान लेख अधिक बोलके आहेत. सोपारा, कल्याण, चेऊल, नाशिक येथील व्यापारी, कारागीर, भिक्षुणी आणि उपासिका यांची नावे त्यांत आहेत. कल्याणच्या स्वामिदत्त नावाच्या सोनाराने पाण्याचे टाके दिले. कल्याणच्याच नंद नावाच्या लोहाराने वाट करून दिली. रोथेनबुर्गच्या तटावर जी पद्धत विसाव्या शतकात आली, ती आपल्या डोंगरात अठराशे वर्षांपूर्वी रूढ होती.

ब्राह्मी अक्षरांचे छायाचित्र घेणे हे संयमाचे काम आहे. समोरून प्रखर प्रकाश पडला, की उथळ कोरलेली अक्षरे पुसल्यासारखी दिसतात. प्रकाश बाजूने, तिरपा आला तर प्रत्येक अक्षराच्या काठाला बारीक सावली पडते आणि लेख वाचता येतो. म्हणून सकाळची वेळ साधावी. ओसरीच्या आत ऊन पोहोचत नसेल, तर पांढरा पुठ्ठा बाहेर उन्हात धरून प्रकाश आत वळवावा. आमच्या विद्यार्थ्याने पाऊण तास असा पुठ्ठा धरला. तिपाई वापरायची असल्यास पुरातत्त्व खात्याची पूर्वपरवानगी लागते. अक्षरे उठून दिसावीत म्हणून त्यांत खडू भरणे किंवा दगडावर पाणी मारणे हे मात्र कोणीही, कधीही करू नये. दोन हजार वर्षे टिकलेले अक्षर आपल्या एका छायाचित्रासाठी झिजता कामा नये.

एका टाक्याच्या तोंडाशी मी बराच वेळ बसून राहिले. आत पाणी होते आणि त्यात आकाशाचा तुकडा दिसत होता. कल्याणच्या एका सोनाराने कोणा अनोळखी भिक्षूची तहान भागावी म्हणून असे पाणी दिले आणि त्याच महाराष्ट्रात पुढे माणसाच्या स्पर्शाने पाणी बाटू लागले. या दोन टोकांच्या मधला सारा इतिहास शिकवणे हे माझे आयुष्यभराचे काम राहिले आहे. त्या टाक्याचे छायाचित्र मी घेतले. जर्मनीला पाठवलेल्या संचात ते पहिले आहे. त्याखाली मी लिहिले : "कल्याण."

परतताना ठाण्यात टेंभी नाक्याजवळच्या ज्यू प्रार्थनास्थळासमोर थांबलो. ही वास्तू १८७९ ची. बेने इस्रायली कुटुंबे कोकणात पिढ्यान्‌पिढ्या मराठी बोलत राहिली आणि ठाण्यात त्यांची प्रार्थना आजही होते. रोथेनबुर्गच्या देखण्या गल्ल्यांतून मात्र ज्यू रहिवाशांना १५२० मध्ये हाकलून देण्यात आले आणि उरल्यासुरल्यांना १९३८ मध्ये नाझी राजवटीत पुन्हा. सुंदर छायाचित्रात हे दिसत नाही. नगर कितीही देखणे असो, येथे कोण राहू शकले आणि कोणाला जावे लागले, हा प्रश्न छायाचित्रकाराने स्वतःला विचारलाच पाहिजे. मी हे विद्यार्थ्याला कळवले, तेव्हा त्याने पुढच्या सुटीत मुलांना घेऊन तेथील ज्यूंच्या खुणा पाहायला जाण्याचे ठरवले.

फेब्रुवारीत लोणाडला जाऊन त्या वृद्धेला तिचे छायाचित्र कागदावर छापून दिले. तिने ते दोन्ही हातांनी धरले आणि शेजारणीला हाक मारली. तिचे नाव, गाव आणि तारीख माझ्याकडील प्रतीच्या मागे लिहिली आहे. येथे छापण्याची परवानगी मी घेतलेली नाही, म्हणून ते देत नाही.

आजी-माजी विद्यार्थ्यांना आणि पालकांना माझी एक विनंती आहे. आपल्या प्रत्येकाच्या हाती आज कॅमेरा आहे. गावी जाल तेव्हा जुन्या विहिरीचे, पाणवठ्याचे, वस्तीतील पहिल्या विहाराचे आणि घरातील सर्वांत वयोवृद्ध माणसाचे एकेक छायाचित्र घ्या. त्याच्या मागे नाव, गाव, तारीख आणि त्या माणसाने सांगितलेली एक आठवण लिहा. एक प्रत त्यांना द्या, एक विद्यालयाच्या ग्रंथालयात आणून द्या. आपले विद्यालयही पाच-दहा रुपयांपासून दिलेल्या दानावर उभे राहिले आहे आणि त्या दात्यांत मजूर, शिवणकाम करणाऱ्या भगिनी, रेल्वेचे कामगार आहेत. त्यांची नावे नोंदवहीत आहेत, चेहरे कोठेच नाहीत. पुढच्या स्मरणिकेत नावासमोर चेहरा असावा, एवढे आपण निश्चित करू शकतो.

जय भीम.