हळू सायकल चालवणाऱ्याची थंडी

बेंगळुरूला थंडी पडते असे म्हटले की हिमाचल आणि हरियाणाहून आलेले माझे वर्गमित्र हसतात. त्यांचेही खरे आहे. डिसेंबर-जानेवारीत इथले पहाटेचे तापमान साधारण 15-16 अंशांवर असते. शहरात आजवर नोंदले गेलेले सर्वांत कमी तापमान 7.8 अंश आहे आणि तेही 13 जानेवारी 1884 चे. त्यांच्या गावात एवढ्या थंडीत मुले मैदानात क्रिकेट खेळतात.

पण तापमापक एका जागी उभा असतो आणि सायकलस्वार उभा नसतो. तो स्वतःचा वारा स्वतः तयार करतो. हवा 10 अंशांची असेल आणि उतारावर सायकलचा वेग ताशी 40 किलोमीटर असेल, तर उघड्या कातडीला ती हवा सुमारे 6 अंशांसारखी लागते. कपडे घामाने ओले असतील तर थंडी याहून जास्त वाजते. म्हणून बेंगळुरूत हिवाळ्यात सायकल चालवणाऱ्याने कपड्यांचा विचार करायलाच हवा. माझ्यासारख्या हळू चालवणाऱ्याने तर जास्तच, कारण जो रस्ता जोरात जाणारा दोन तासांत संपवतो, त्यावर मी तीन तास असतो. थंडी मला दीडपट वेळ भेटते.

मी हळू आहे हे लिहायला मला संकोच वाटत नाही, कारण ते नोटीस बोर्डावर लागलेलेच आहे. गेल्या वर्षीच्या क्रॉस कंट्रीत आमच्या गटात 48 जण धावले आणि माझा नंबर 41 वा आला. आपल्या शाळेत जवळजवळ प्रत्येक गोष्टीला क्रमांक असतो. धावणे, दोरीवर चढणे, गणित, ड्रिल, खोलीची स्वच्छता, सगळ्यालाच. ते चुकीचे आहे असे मी म्हणत नाही. हाउसला गुण मिळतात, चुरस राहते. पण सतत यादीच्या खालच्या भागात आपले नाव शोधायची सवय झाली की एक प्रश्न दिवे मालवल्यावर डोक्यात फिरत राहतो. मी फौजेच्या लायक आहे का? हा प्रश्न मी कोणाला विचारला नव्हता.

त्याचे थोडेफार उत्तर मला सायकलने दिले. सुट्टीत घरी, म्हणजे जालहळ्ळीला, बाबांची गिअरची सायकल मला मिळू लागली आणि त्यांनी स्वतःसाठी शेजाऱ्यांकडून एक जुनी घेतली. त्यांनीच मला ‘ब्रेव्हे’बद्दल सांगितले. हा लांब पल्ल्याचा सायकल प्रवास असतो. सर्वांत लहान ब्रेव्हे 200 किलोमीटरची आणि तिची मुदत साडेतेरा तासांची. त्यापुढे 300 किलोमीटरला 20 तास, 400 ला 27 तास आणि 600 ला 40 तास. वाटेत ठरलेल्या ठिकाणी कार्डावर नोंद करायची. पंक्चर स्वतः काढायचे, खाण्यापिण्याचे स्वतः बघायचे. आणि सगळ्यात मोठी गोष्ट अशी की यात पहिला-दुसरा असे क्रमांक देत नाहीत. मुदतीत आलात की आलात. उलट फार वेगाने येणाऱ्यालाही मर्यादा आहे. 200 किलोमीटरचा शेवटचा टप्पा 5 तास 53 मिनिटांच्या आधी उघडतच नाही, त्यामुळे त्याआधी पोचलेल्याला थांबावे लागते!

मी लगेच वहीत भागाकार केला. 200 भागिले 13.5, म्हणजे ताशी जेमतेम 15 किलोमीटर. जेवण, पंक्चर, पाणी सगळे धरून. मी सपाट रस्त्यावर ताशी 18 ने जातो. म्हणजे हे मला जमण्यासारखे आहे. आयुष्यात पहिल्यांदाच मला असा एक कठीण खेळ सापडला, ज्यात मी हळू असूनही पास होऊ शकतो. अट एवढीच की थांबायचे नाही आणि विनाकारण वेळ घालवायचा नाही.

क्रमांक नसलेली गोष्ट म्हणजे सोपी गोष्ट, असे कोणाला वाटत असेल तर त्याने लेफ्टनंट कर्नल श्रीनिवास गोकुलनाथ यांच्याबद्दल वाचावे. ते आपल्या सैन्यातले डॉक्टर. ‘रेस अक्रॉस अमेरिका’ ही शर्यत अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यापासून पूर्व किनाऱ्यापर्यंत जाते. अंतर जवळजवळ 4,900 किलोमीटर आणि मुदत 12 दिवस. 2015 मध्ये नाशिकच्या डॉ. हितेंद्र आणि डॉ. महेंद्र महाजन या भावांनी दोघांच्या संघाने ती पूर्ण केली होती. गोकुलनाथ 2016 मध्ये एकटे उतरले, पण त्या वेळी ती पूर्ण झाली नाही. 2017 मध्ये ते पुन्हा गेले आणि एकट्याने ही शर्यत पूर्ण करणारे पहिले भारतीय ठरले. वेळ 11 दिवस आणि सुमारे 19 तास. मुदत संपायला पाच-सहा तास उरले होते! त्यांच्या मागोमाग काही तासांत नागपूरचे डॉ. अमित समर्थ पोचले. त्या वाटेवर सुरुवातीला वाळवंटाची होरपळ आहे आणि पुढे कोलोरॅडोत दहा हजार फुटांहून उंच खिंड. म्हणजे एकाच आठवड्यात भट्टी आणि बर्फाळ वारा दोन्ही अंगावर घ्यायचे. केवळ पायांत जोर असून हे होत नाही. कोणत्या तासाला अंगावर काय हवे, हेही आधी ठरवावे लागते.

हे वाचल्यावर मी माझी उद्दिष्टे वहीत लिहिली. तीन वर्षांची तीन. पहिले, नंदी डोंगर पायथ्यापासून माथ्यापर्यंत सायकलवर चढणे. दुसरे, घराच्या दारापासून नंदी आणि परत, एका दिवसात. तिसरे, 200 ची ब्रेव्हे, पण अठरा वर्षे पूर्ण झाल्यावरच. ही आईची अट आहे आणि तिच्यावर अपील नाही.

नंदीचा माथा समुद्रसपाटीपासून 1,478 मीटर उंच आहे आणि बेंगळुरू सुमारे 920 मीटर. भूगोलात शिकल्याप्रमाणे दर 1,000 मीटरला साडेसहा अंश उतरतात. म्हणजे शहरात 15 अंश असतील तर वर साडेअकरा-बाराच. गेल्या हिवाळ्यात ओळखीच्यांच्या टेम्पोत सायकली टाकून आम्ही पायथ्यापर्यंत गेलो आणि साधारण आठ किलोमीटरचा चढ मी 1 तास 14 मिनिटांत चढलो. चार वेळा पाय टेकला. थंडीचा खरा धडा मात्र उतरताना मिळाला. चढताना अंग घामाने भिजते, वर थांबल्यावर तो घाम गार होतो आणि उतरताना पायांना काम नसल्याने शरीर उष्णता कमी तयार करते. वारा मात्र तिप्पट होतो. चढ संपला की आपण म्हणतो, हत्ती गेला आणि शेपूट राहिले. हिवाळ्यात ते शेपूटच जड जाते. बोटे इतकी बधिरली की ब्रेक दाबला आहे की नाही, हे बघून ठरवावे लागत होते. वळणावळणाच्या उतारावर हे धोक्याचे आहे. म्हणून हातमोजे ही चैनीची वस्तू नाही. हातमोजे हा ब्रेकचाच एक भाग आहे.

त्यानंतर बाबांनी आणि मी हिवाळ्याचे किट ठरवले. अंथरूण पाहून पाय पसरायचे होते, म्हणून बरेचसे घरातलेच आहे.

अंगाला लागून पीटीचा पॉलिस्टरचा टी-शर्ट. सुती बनियन नाही, कारण सूत घाम धरून ठेवते आणि ओले सूत अंग गार करते. त्यावर आजीने विणलेला बिनबाह्यांचा लोकरी स्वेटर. लोकर थोडी ओली झाली तरी ऊब देते. सर्वांत वर पातळ विंडचीटर. त्याचे काम एकच, वारा अडवणे. तो चढताना काढून मागे बांधायचा आणि उतरण्याआधी चढवायचा. घाम येण्याआधी काढणे आणि थंडी वाजण्याआधी घालणे, हा नियम पाळला तर तीन पातळ कपडे एका जाड जॅकेटला भारी पडतात. पूर्ण बोटांचे हातमोजे आणि लोकरी पायमोजे. हेल्मेटखाली पातळ कानटोपी. माकडटोपी जाड असल्याने हेल्मेट नीट बसत नाही, म्हणून ती बाद. गुडघे झाकणारी पँट. पुढे पांढरा दिवा, मागे लाल दिवा आणि अंगावर चमकपट्ट्यांचे जाकीट. खिशात तिळाची चिक्की आणि दोन केळी. थंडीत तहान लागल्याचे कळत नाही, म्हणून दर वीस मिनिटांनी दोन घोट पाणी.

आणि एक वर्तमानपत्र. युरोपातले जुने सायकलपटू घाट उतरण्याआधी छातीवर वर्तमानपत्र घालत. कागद वारा आत येऊ देत नाही. मी कन्नड वर्तमानपत्र वापरतो. खाली आल्यावर चहाच्या टपरीवर मी शर्टातून पेपर काढला तेव्हा मालक हसले आणि तो वाचायला मागून घेतला.

हे सगळे सामान मी आदल्या रात्री पलंगावर मांडतो, अगदी इन्स्पेक्शनच्या किट लेआउटसारखे. आपल्याला शाळेत हे इतक्या वेळा करावे लागते की कंटाळा येतो. पहाटे साडेचारला, घरातला दिवा न लावता, एकही वस्तू न शोधता सगळे अंगावर चढवता आले, तेव्हा लेआउटचा उपयोग मला कळला.

या हिवाळी सुट्टीत दुसरे उद्दिष्ट होते. बाबा आणि मी पावणेपाचला निघालो. येलहंका, राजानुकुंटे, दोड्डबळ्ळापूर या वाटेने पायथा. वर जाईपर्यंत या वेळी दोनदाच पाय टेकला. उतरताना बोटे माझ्या ताब्यात होती. खाली आल्यावर थोडी वाट वाकडी करून मुद्देनहळ्ळीला गेलो. सर मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या यांचे हे जन्मगाव. ते पुण्याला इंजिनिअर झाले आणि खडकवासला धरणावर त्यांचे आपोआप उघडणारे दरवाजे 1903 मध्ये बसवले गेले. त्याच तलावाकाठी आज राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनी आहे, जिथे जायचे आपल्यातल्या बहुतेकांच्या मनात असते. त्यांच्या समाधीपाशी आम्ही केळी खाल्ली. घरी पोचलो तेव्हा दुपारचे साडेतीन वाजले होते आणि मीटरवर 121 किलोमीटर होते. आईने आधी माझे हात धरून पाहिले, गार आहेत का. मग जेवायला वाढले.

रस्त्यात आम्हाला कितीतरी सायकलस्वार मागे टाकून गेले. महागड्या सायकली, चकचकीत कपडे. बहुतेकांनी जाताना हात केला. आपण कितवे, हा विचार एकदाही मनात आला नाही. मनात फक्त घड्याळ आणि पुढचे गाव होते.

सुट्टीनंतर झालेल्या क्रॉस कंट्रीत माझा नंबर 36 वा आला. सायकलमुळे मी वेगवान झालो, असा दावा मी करणार नाही. पाच नंबर म्हणजे काही चमत्कार नाही. पण शेवटच्या किलोमीटरला मी चाललो नाही, धावलो. उस्तादांनी ते पाहिले आणि फक्त मान हलवली.

तो जुना प्रश्न अजून पूर्ण सुटलेला नाही. तो सुटायला एसएसबी आहे, मेडिकल आहे आणि त्याआधी बारावीचे गणित आहे. पण एक गोष्ट मला समजली. उद्दिष्ट ठरवताना आपण आपला सर्वांत चांगला तास डोळ्यांपुढे आणतो, म्हणजे ऊन पडलेले, पाय ताजे, वारा पाठीमागून. तयारी मात्र सर्वांत वाईट तासाची करावी लागते. बोटे बधिर, कपडे ओले, आणि घर अजून पन्नास किलोमीटर दूर. त्या तासात आपल्याजवळ काय असेल, हे आदल्या रात्री ठरलेले असते. फौजेलाही अशी माणसे लागत असावीत, असे मला वाटते.

वहीतले तिसरे उद्दिष्ट अजून कोरे आहे. अठरा पूर्ण व्हायला मला अडीच वर्षे आहेत. तोपर्यंत सगळे ठरल्याप्रमाणे झाले तर मी खडकवासल्याला असेन. तिथे कॅडेट एका वर्गातून दुसऱ्या वर्गात सायकलवरूनच जातात, आणि तेही रांगेत. सराव चुकणार नाही. आजीने बाह्यांचा स्वेटर विणायला घेतला आहे. तिने माप विचारले तेव्हा मी सांगितले, थोडा मोठाच कर, अजून मला वाढायचे आहे.