आत्याच्या गोळ्यांची पिशवी

नागीण झाली, की आमच्या वस्तीत अजून एकच गोष्ट विचारतात: तोंडाला तोंड लागले का? विळखा पुरा झाला की माणूस दगावतो, असा समज. खरे तर हा नसेचा आजार आहे. कांजिण्या बऱ्या झाल्या तरी त्यांचे विषाणू नसेच्या मुळाशी दबून राहतात आणि उतारवयात प्रतिकारशक्ती घटली की उसळतात. फोड त्या नसेच्या वाटेने येतात, म्हणून बहुधा अंगाच्या एकाच बाजूला असतात.

आमच्या आत्याला ७४ व्या वर्षी नागीण झाली. हे औषध ७२ तासांच्या आत सुरू झालेले चांगले, म्हणून दुसऱ्याच दिवशी तिला डॉक्टरांकडे नेले. असायक्लोव्हिर ८०० मिलिग्रॅम, दिवसातून ५ वेळा, ७ दिवस. फोड सुकू लागले, पण ठणका असा की अंगाला पदर टेकलेला सोसेना. ती स्वतःच कोपऱ्यावरच्या दवाखान्यात जाऊन डायक्लोफिनॅकच्या गोळ्या घेऊन आली. आधीच्या गोळ्यांची तिथे कुणी चौकशी केली नाही.

तिसऱ्या दिवशी आत्या बरळू लागली. वारलेल्या मामांना हाका मारू लागली. शेजारणी म्हणाल्या, भगताला बोलवा. आम्ही घरातल्या सगळ्या गोळ्या पिशवीत भरल्या आणि तिला सरकारी रुग्णालयात नेले.

डॉक्टरीणबाईंनी पिशवी टेबलावर ओतली. रक्तदाबाची टेल्मिसार्टन, लघवी वाढवणारी गोळी आणि त्यात डायक्लोफिनॅक. हे तीन एकत्र आले की म्हाताऱ्या माणसाच्या मूत्रपिंडावर ताण येतो. असायक्लोव्हिर लघवीवाटे बाहेर पडते. मूत्रपिंड मंदावले की ते अंगात साचते आणि माणसाला भ्रम होतो. रक्ततपासणीत तेच निघाले. डायक्लोफिनॅक बंद झाले, असायक्लोव्हिरचे प्रमाण घटवले, सलाईन लावले. चौथ्या दिवशी आत्याने आम्हाला नावाने ओळखले.

आपल्या म्हाताऱ्या माणसांची औषधे तीन ठिकाणांहून येतात: सरकारी दवाखाना, कोपऱ्यावरचा डॉक्टर आणि मेडिकलवाला. एकाचे दुसऱ्याला ठाऊक नसते. तेव्हा माता-भगिनींनो, कुठल्याही डॉक्टरकडे जाताना सगळ्या गोळ्या सोबत न्या. मनाने कुठलीही सुरू करू नका, बंदही करू नका. फोड डोळ्याजवळ असतील तर त्याच दिवशी रुग्णालय गाठा. आणि औषध चालू असताना म्हातारे माणूस एकाएकी बरळू लागले, तर ती बाहेरची बाधा नव्हे; गोळ्यांची पिशवी घ्या आणि निघा.