मोत्याचा अंगपट्टा

‘कुत्रा’ या विषयावर निबंध लिहिला नाहीं असा विद्यार्थी आपल्या शाळेंत विरळाच सांपडेल. कुत्रा इमानी आहे, तो घराची राखण करतो, त्याचें नाक तीक्ष्ण असतें, इत्यादि वाक्यें मीहि इयत्ता तिसरीपासून लिहीत आलों आहें. परंतु कुत्रा ओढतो, आणि त्याच्या ओढण्यानें साऱ्या घराची झोंप उडूं शकते, हें मीं कोणत्याहि निबंधांत वाचलेलें नाहीं. म्हणून तें येथें लिहिण्याचें धाडस करीत आहें.

आमचा मोत्या लॅब्राडॉर जातीचा, तीन वर्षांचा, वजनानें ३६ किलो. माझें स्वतःचें वजन ४४ किलो. हे दोन आंकडे वाचकांनीं शेजारीं शेजारीं ठेवले म्हणजे आमच्या सकाळच्या फेरीचें चित्र त्यांच्या डोळ्यांपुढें उभें राहील. जातीचें नांव लॅब्राडॉर असलें तरी तिचे पूर्वज न्यूफाउंडलंड बेटावरचे. तेथें ते कोळ्यांबरोबर थंड पाण्यांत उतरून दोर व जाळीं ओढून आणीत. पुढें १९०३ सालीं इंग्लंडांतील केनेल क्लबनें या जातीस मान्यता दिली. तेव्हां ओढणें ही मोत्याची खोडी नव्हे, तो त्याचा वडिलोपार्जित धंदा आहे. पण हें सारें मला मागाहून कळलें.

गेल्या श्रावणांत आम्ही रंकाळ्यावर फिरावयास गेलों होतों. वाटेंत माझ्या बुटाची नाडी सुटली. “आजी, क्षणभर धर,” असें म्हणून मीं साखळी तिच्या हातीं दिली आणि खालीं वांकलों. समोरून एक मांजर गेलें. माझी गांठ पुरी होण्यापूर्वींच आजी फरशीवर पडली होती. उजव्या मनगटाचें हाड मोडलें. सहा आठवडे प्लॅस्टर. आजीनें मोत्यास दोष दिला नाहीं, मलाहि दिला नाहीं, आणि तेंच मला फार जड गेलें. बाबा मात्र त्या रात्रीं जेवतांना म्हणाले, “प्लॅस्टर निघेपर्यंत काय तें बघ. नाहींतर त्याला काकांच्या मळ्यावर ठेवूं. तिथें मोकळें रान आहे.” ते रागावले असते तर मला कांहीं बोलतां आलें असतें, त्यांच्या त्या शांत बोलण्यापुढें माझ्यापाशीं उत्तर नव्हतें.

दुसऱ्याच दिवशीं सांठविलेले पैसे घेऊन मी दुकानांत गेलों. या वस्तूस कोणी ‘हार्नेस’ म्हणतात, कोणी ‘बॉडी बेल्ट’. मी तीस अंगपट्टा म्हणेन. जाड गादीचा, पाठीवर भक्कम कडी असलेला एक लाल अंगपट्टा मला दाखविण्यांत आला. यानें हत्तीहि आवरेल, असें आश्वासन मिळालें, आणि मीं तो घेतला. गळ्यांत पट्टा असतांना मोत्या निदान खोकला येऊन तरी थांबे. आतां गळा मोकळा झाल्यामुळें तो न थांबतां ओढूं लागला.

आमच्या आजोबांचा जन्म बैलांच्या मागें चालण्यांत गेला आहे. त्यांनीं तो पट्टा उलटसुलट करून पाहिला व म्हणाले, “अरे, हें तर जूं आहे! छातीवर जूं चढवलेंस, मागून दोर लावलास, मग तो ओढणार नाहीं तर काय करील? बैल वळवायचा तर कासरा वेसणीला असतो, पाठीला नसतो.” आजोबांचें म्हणणें अक्षरशः खरें होतें. बर्फावरील गाडी ओढणाऱ्या कुत्र्यांसहि दोर मागच्या बाजूसच लावतात; १९२५ सालीं अलास्कांतील नोम गांवीं घटसर्पावरील औषध अशाच कुत्र्यांनीं पोंचविलें. मीं हौसेनें गाडीचेंच सामान विकत आणलें होतें!

शेजारच्या एका गृहस्थांनीं आंतून दांते असलेली गळसाखळी सुचविली. पशुवैद्यांनीं तिला साफ नकार दिला. ओढीनें श्वासनलिका तर दबतेच. शिवाय गळपट्ट्याविरुद्ध ओढणाऱ्या कुत्र्यांच्या डोळ्यांतील दाब वाढतो, अंगपट्ट्यानें तसा वाढत नाहीं, असें २००६ सालीं अमेरिकेंत प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासांत आढळलें आहे. मग म्होरकीसारखा तोंडाभोंवतीं बसणारा पट्टा आणून पाहिला. त्यास जोर थोडा लागतो खरा. पण कुत्र्यास त्याची संवय हळूहळू लावावी लागते, आणि तो वेगांत झेपावला तर मान झटक्यानें वळण्याचें भय असतें. मोत्यानें दहा मिनिटें नाक जमिनीवर घासलें. मला तें पाहवेना.

शेवटीं छातीवर कडी असलेला अंगपट्टा निवडला. यांत कुत्रा पुढें झेपावला कीं दोर त्याच्या छातीस बाजूला खेंचतो, त्याचें अंग आपल्याकडे वळतें, आणि सरळ पुढें जोर लावण्यास त्याला पाय रोवतां येत नाहींत. येथेंहि दोन मतें आहेतच. छातीवरून आडवा जाणारा पट्टा खांद्यास अडवितो, म्हणून इंग्रजी ‘वाय’ अक्षराच्या आकाराचा घ्यावा, असें बहुतेक सांगतात. परंतु २०१९ सालच्या एका अभ्यासांत दोन्ही प्रकारांनीं खांद्याची हालचाल थोडी कमी झाल्याचें, व ‘वाय’ आकारानें ती अधिक कमी झाल्याचें दिसलें. तेव्हां आकाराच्या वादापेक्षां मापाकडे लक्ष द्यावें, असें मीं ठरविलें.

आईच्या शिवणयंत्राच्या खणांतून टेप घेतला. पुढच्या पायांच्या मागें मोत्याच्या छातीचा घेर ८१ सेंटिमीटर भरला. या खेपेस मोत्यासच दुकानांत नेलें, कारण तो ‘मध्यम’ आणि ‘मोठा’ यांच्या मधोमध येत होता. छातीचा पट्टा छातीच्या हाडावर बसला पाहिजे. वर गेला तर गळा दाबतो, खालीं घसरला तर पायांत येतो. पोटाचा पट्टा कोंपरापासून तीन-चार बोटें मागें हवा. पट्ट्याखालीं दोन बोटें सहज जावींत, मूठ जाऊं नये. मीं समोर उभें राहून दोर माझ्याकडे ओढला, तेव्हां मोठ्या मापांतून मोत्या मागच्या मागें निसटून मोकळा झाला. दुकानांत एकच धांदल उडाली, परंतु रस्त्यावर तसें होण्यापेक्षां बरें. मध्यम घेतला. गादी नसलेला घेतला. आमच्याकडील वैशाखांत कुत्र्यास रजई कशाला? तिसऱ्या दिवशीं त्याच्या काखेंत लाली दिसली, म्हणून एक बंद थोडा सैल केला, आणि घरीं आल्यावर पट्टा काढून ठेवूं लागलों.

इतकें होऊनहि मोत्या एका दिवसांत सुधारला नाहीं. अंगपट्ट्यानें फक्त मला पाय रोवून उभें राहतां येऊं लागलें. बाकीचें काम माझें होतें. दोर ताणला कीं थांबावयाचें, सैल झाला कीं चालावयाचें, तो बाजूस आला कीं फुटाण्याएवढा भाकरीचा तुकडा द्यावयाचा. पहिल्या दिवशीं घरापासून पिठाच्या गिरणीपर्यंत जाण्यास चाळीस मिनिटें लागलीं. वाटेंतले लोक हंसले. आजोबा रोज बरोबर येत व मध्येंच मी घाई केली कीं म्हणत, “नांगर नवा असला तरी बैल जुनाच आहे.”

प्लॅस्टर निघाल्यावर आजी पुन्हां रंकाळ्यावर आली. एका भुंकणाऱ्या कुत्र्याकडे मोत्या झेपावला. दोरानें त्याला वळविलें, आणि तो माझ्या खिशाकडे पाहूं लागला. आजी दोन पावलें मागें सरली होती, ती कांहीं वेळानें पुढें आली. साखळी ती अजून हातांत घेत नाहीं, मीहि देत नाहीं. बुटाची नाडी मी घरींच दुहेरी गांठ मारून बांधतों. बाबांनीं मळ्याचा विषय पुन्हां काढलेला नाहीं. परवां मात्र, पट्ट्याचा एक टांका उसवला आहे, तो शिवून घे, असें म्हणाले.