पावण्यांका संकासुर

धुरीवाड्यात आमचं दोन खोल्यांचं न्याहारी-निवास आहे. गेल्या एप्रिलात पुण्याहून एका बाईंचा फोन आला. "मे महिन्यात तीन दिवस खोली मिळेल का, असं तुमच्या निवासाला मेलवर विचारलं होतं. उत्तर आलं दशावतार मंडळाकडून! आगाऊ पैसे पाठवायचे कुणाला?"

बायको ऐकत होतीच. दशावतारातल्या राक्षसाचं नाव घेत म्हणाली, "आता पावण्यांका संकासुर उत्तर देतलो काय?"

घोळ माझाच. नाटकाच्या तारखा ठरवायला मी मंडळाच्या नावाचं जीमेल बरीच वर्षं वापरतो. निवासासाठी दुसरं काढलं, पण रोज दोन पेट्या कोण उघडणार, म्हणून तिथले मेल पहिल्यात वळवून घेतले. येणारं टपाल एका जागी आलं. जाणाऱ्याचा विचारच केला नाही. मुंबईच्या चाकरमान्याचं पाकीट आलं की आई ते आधी उलटं करून 'प्रेषक' वाचायची, मगच फोडायची. मेलमध्ये ती ओळ न लिहिताही भरली जाते, म्हणून आपण तिकडे बघत नाही.

फोनवरच्या ॲपमध्ये शोधून थकलो. शेवटी संगणक लावला. सेटिंग्जमध्ये 'अकाउंट्स अँड इम्पोर्ट', त्यात 'सेंड मेल ॲज'. तिथे निवासाचा पत्ता आणि दिसायला हवं ते नाव घातलं. पत्ता आपलाच आहे याची खात्री करायला त्या पत्त्यावर मेल येतो. त्यातला कोड दिला की झालं. आपला पत्ता दुसऱ्या कंपनीकडे असेल, तर तिच्या एसएमटीपी सर्व्हरचं नाव आणि पासवर्डही द्यावा लागतो. माझी दोन्ही खाती जीमेलचीच, म्हणून वाचलो. खाली एक पर्याय होता : ज्या पत्त्यावर मेल आला, त्याच पत्त्यावरून उत्तर. खरी चावी हीच. ती निवडली.

इथेच थांबायला हवं होतं. मी उत्साहात निवासाचा पत्ता 'डिफॉल्ट'ही करून टाकला. उत्तरं आता बरोबर जात होती, पण नव्यानं लिहिलेला प्रत्येक मेल निवासाच्या नावानं निघायला लागला. एका जत्रेच्या मानकऱ्यांना तारीख कळवली, तर त्यांचा फोन : "नाटकावांगडा न्याहारी पण देतास काय?"

डिफॉल्ट परत मंडळाचं केलं. पुण्याच्या बाई मे महिन्यात येऊन राहून गेल्या. आगाऊ पैसे मात्र त्यांनी दुसरा मेल यायच्या आधीच, फोनवर बोलून पाठवले होते.